लेखणी घडवणाऱ्या हातांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात मालवणजवळच्या एका गावात बचत गटाच्या प्रशिक्षणाला मी गेले होते. विषय होता शिंपल्याची नक्षी असलेली पेनं. खाऊन उरलेल्या कालवांचे शिंपले धुवायचे, घासायचे, त्यांचे बारीक तुकडे चिमट्याने पितळी नळीवर चिकटवायचे. मग नळी साच्यात ठेवून वर पारदर्शक रेझिन ओतायचं. ते घट्ट झालं की काचेसारखी कांडी निघते. ती लेथवर कातायची, पॉलिश पेपरने घासायची आणि रिफील बसवायची. पेन खरोखरच देखणं होतं. बायका हरखून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट खटकू लागली. शिंपले घासणं, तुकडे जुळवणं, रेझिन कालवणं ही सगळी कामं बायका जमिनीवर बसून करत होत्या. टेबलावरचा लेथ चालवत होता प्रशिक्षकांचा मदतनीस मुलगा. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "बायकांना यंत्राची भीती वाटते." पण बायकांना कुणी विचारलंच नव्हतं! कर्नाटकातल्या चन्नपट्टणला बायका विजेच्या लेथवर लाकडी खेळणी कातून पोट भरतात. मग भीती बाईच्या मनात आहे की शिकवणाऱ्याच्या?

हा प्रश्न केवळ मानाचा नाही, मोबदल्याचा आहे. लेथ ज्याच्या हाती, तो 'कारागीर' ठरतो. पेन त्याने बनवलं असं म्हटलं जातं आणि भाव तोच ठरवतो. तुकडा तुकडा जुळवून नक्षी उभी करणारीचं काम मात्र 'फावल्या वेळचं', म्हणून नगावर चार पैसे. डोळे ताणून केलेल्या या कामाला कौशल्य म्हणायला आपली जीभ का अडखळते? शिवण, भरतकाम, विणकाम यांचंही असंच झालं आहे. बाईला जे येतं ते उपजत, आणि उपजत गोष्टीला मजुरी कसली!

दुसरा मुद्दा तब्येतीचा. इपॉक्सी रेझिन आणि त्याचं हार्डनर कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते. एकदा ती जडली की बहुधा जन्मभर राहते. पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. पॉलिएस्टर रेझिनच्या उग्र वासाने डोकं धरतं. शिंपल्याची आणि अर्धवट वाळलेल्या रेझिनची धूळ श्वासावाटे आत जाते. प्रशिक्षणात हातमोजे एकाच दिवशी दिसले, फोटो काढायच्या! एक बाई हळूच म्हणाली, "ताई, हातांका खाज सुटता, पण सांगूचा कोणाक?" घरी हेच काम चुलीशेजारी होणार, पोरं आजूबाजूला खेळत असणार. कारखान्यात असं घडलं तर निदान मालकाला जाब विचारता येतो. घरात जाब कोणाला विचारायचा?

शिंपल्याच्या धंद्यात ही लढाई नवी नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मस्कटाइन गावी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं बनत. १९११ साली तिथल्या कामगारांनी मोठा लढा दिला. त्यात बायका हिरीरीने उतरल्या होत्या आणि विशीही न गाठलेली पर्ल मॅकगिल त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होती. मोजदादीतली लबाडी ही त्यांची एक मोठी तक्रार होती. नगावर मजुरी असली की मोजणारा कोण, हा प्रश्न येतोच. पण त्या कामगार एका छपराखाली होत्या, एकमेकींना दिसत होत्या. आपल्या बायका मात्र आपापल्या पडवीत एकेकट्या आहेत. घरबसल्या काम करणाऱ्यांनाही इतर कामगारांसारखंच वागवलं जावं, असा ठराव आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला (क्रमांक १७७). भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

म्हणजे अशी प्रशिक्षणं नकोत का? मुळीच तसं नाही. बाईच्या हाती स्वतःचे चार पैसे आले तर हवेच आहेत. पण गटांनी आधी काही गोष्टी मागून घ्याव्यात. लेथ प्रत्येकीला शिकवा, आणि यंत्राची मालकी गटाची असू द्या. हातमोजे आणि मास्क ही प्रशिक्षणाची भेटवस्तू नाही, ती रोजच्या खर्चात धरा. घासणं ओलं करा, म्हणजे धूळ उडणार नाही. रेझिन स्वयंपाकाच्या जागी नको. हवेशीर अशी सामायिक जागा ग्रामपंचायतीकडे मागा. नक्षीचे तास मोजा आणि ते किमतीत मांडा. हिशेबाची वही गटातल्या बाईकडेच राहू द्या.

साक्षरता वर्गात आपण बायकांच्या हाती लेखणी दिली, त्यांना सही शिकवली. आता त्याच बायका लेखणी घडवत आहेत. तिची किंमत लिहिताना मात्र ती दुसऱ्याच्या हातात जाऊ नये, एवढं आपण पाहायला हवं.