दप्तर विद्यार्थ्यांपुढे उघडा
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सदस्य-सचिवांस खुले पत्र

मा. सदस्य-सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई यांस



नव्या शैक्षणिक धोरणान्वये पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाचा, म्हणजे आमची मुले ज्याला सरसकट ‘ओजेटी’ म्हणतात त्याचा, अंतर्भाव झाल्यापासून अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, विधी आणि पर्यावरण या शाखांचे विद्यार्थी शिफारसपत्रे हाती घेऊन सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत असतात. आणि त्यांतील ज्यांना प्लास्टिकच्या प्रदूषणाविषयी काही शिकावयाचे असते त्यांच्या वाट्याला बहुधा समुद्रकिनाऱ्यावर पिशव्या वेचणे, हातमोजे चढवून छायाचित्र काढून घेणे, एखाद्या शाळेत कापडी पिशवीच्या महतीवर भाषण करणे आणि मुदत संपताच गोल शिक्क्याचा दाखला घेऊन घरी जाणे एवढेच येते. श्रमदानाला मी कमी लेखीत नाही. परंतु धोरणाचे शिक्षण किनाऱ्यावर मिळत नाही. ते आपल्या दप्तरात मिळते, आणि ते दप्तर दरवर्षी काही विद्यार्थ्यांपुढे उघडावे, एवढीच विनंती करण्यासाठी, अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याने हे पत्र लिहिण्याचे धाडस केले आहे.

हे दप्तर लहान नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईची गटारे तुंबविणाऱ्यांच्या यादीत पातळ पिशवीचे नाव वरती आले. तेव्हापासून राज्याचा २००६ चा अधिनियम, केंद्राचे २०११ चे आणि पुढे २०१६ चे नियम, राज्याची २३ मार्च २०१८ ची बंदीची अधिसूचना, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या ठरावीक वस्तूंवरील देशव्यापी बंदी, अशी हुकुमांची रांगच लागली आहे. केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉनवरून ७५ वर आणि २०२२ च्या अखेरीस १२० वर गेली. त्यामागील विचार सुज्ञपणाचा आहे, कारण जाड पिशवी महाग पडल्यामुळे दुकानदार ती फुकट वाटीत नाही आणि तिचे वजन भरत असल्यामुळे भंगारवाला ती घेतो. पण महाराष्ट्राच्या अधिसूचनेने सामान नेण्याच्या पिशवीला, जाडी कितीही असो, मज्जाव केला असल्यामुळे, जेथे अशी सरसकट बंदी नाही त्या प्रांतात यथाविधि तयार झालेली पिशवी आमच्या मंडईत पोहोचताच गुन्ह्याची वस्तू ठरते. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंडासह तीन महिन्यांची कैद, हे माप भाजीवालीलाही तेच आणि पिशव्यांच्या घाऊक व्यापाऱ्यालाही तेच. जप्तीच्या पंचनाम्यात पुरवठादाराचे नाव विचारले जाते काय, विचारल्यास लिहिले जाते काय, आणि लिहिल्यावर त्या नावाच्या माणसाकडे कोणी जाते काय, याची छाननी एका जिल्ह्यापुरती का होईना दोन विद्यार्थ्यांनी केली, तर शंभर भित्तिपत्रकांनी साधणार नाही ते ज्ञान त्यांना आणि, रागावू नये, मंडळालाही होईल.

नियमाचे वाचन हे स्वतःच केवढे मोठे शिक्षण असते, याचा एक दाखला देतो. वेफर्सची पाकिटे, मसाल्याच्या आणि गुटख्याच्या पुड्या ज्या बहुस्तरीय वेष्टनाच्या असतात, त्यांचे थर एकमेकांपासून सोडविता येत नाहीत, म्हणून त्यांना भंगाराच्या बाजारात गिऱ्हाईक नाही. २०१६ च्या नियमांनी पुनर्वापरास अयोग्य असे वेष्टन दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यास फर्मावले होते. ती मुदत भरत आली असता, मार्च २०१८ मध्ये, त्या कलमात दुरुस्ती झाली आणि ज्यापासून ऊर्जाही मिळू शकत नाही किंवा ज्याचा अन्य कोणताच उपयोग नाही, अशा वेष्टनाची भाषा त्यात आली. आता सिमेंटच्या भट्टीत जळत नाही असे वेष्टन शोधून तरी सापडेल काय? बंदीचा शब्द कायम राहिला आणि बंदी घालण्याजोगी वस्तूच उरली नाही. विधी शाखेच्या विद्यार्थ्याने हे दोन मसुदे शेजारी ठेवून, त्यांच्या दरम्यान कोणाकोणाची निवेदने आली आणि कोणाची मान्य झाली याचा माग काढला, तर मसुद्यातील एका अल्पविरामाची किंमत त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

दुसरे क्षेत्र उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे. बाजारात जितके वेष्टन ओतले तितक्याच्या विल्हेवाटीचे दाखले उत्पादकांनी प्लास्टिकच्या कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या प्रक्रियादारांकडून विकत घ्यावेत, अशी ही व्यवस्था २०२२ पासून चालू आहे; आणि पुढल्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही प्रक्रियादारांनी, ज्यांत महाराष्ट्रातीलही होते, बनावट दाखले निर्माण केल्याचे निष्पन्न झाले. प्रक्रियादारांची नोंदणी आपल्याच मंडळाकडे होत असल्यामुळे हा प्रश्न आपल्या दारातला आहे. कारखान्याचा विजेचा वापर, यंत्रांची क्षमता, खरेदीची बिले आणि दाखविलेले टन यांचा मेळ घालणे हे हिशेबाचे काम आहे, आणि निरीक्षकांची संख्या अपुरी असल्याची तक्रार करणाऱ्या कोणत्याही खात्याने अर्थशास्त्राच्या मुलांना ते आनंदाने द्यावे. छापा घालणे अर्थातच अधिकाऱ्याचे काम. विद्यार्थ्याने फक्त कोठे आकडा जुळत नाही हे दाखवावे.

विद्यापीठाच्या माणसांनी कागद आणि कचरा दोन्ही हाताळल्याने धोरण बदलते, याचे उदाहरण आपल्याला परदेशात शोधावे लागत नाही. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील मंडळी पुण्यात कचरावेचक स्त्रियांमध्ये साक्षरतेचे काम करीत असता, अक्षरांच्या आधी या स्त्रियांना कामगार म्हणून ओळख हवी आहे हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यातून १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या साहाय्याने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे पंचायतीच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली, आणि कालांतराने ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था दारोदारी कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेशी करार करून पाहू लागली. कोणते प्लास्टिक विकले जाते आणि कोणते उकिरड्यावर राहते हे या बायांइतके नेमके कोणत्याही अधिसूचनेला ठाऊक नाही. म्हणून प्रशिक्षणाचा काही काळ विद्यार्थ्याने त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये काढावा, अशी अट आपण अवश्य घालावी.

विद्यावेतनाविषयी थोडक्यात लिहितो. फुकटचे प्रशिक्षण केवळ मुंबई-पुण्यात घर असलेल्या मुलांनाच परवडते. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला खोलीचे भाडे द्यावे लागते. राज्य शासनाने २०२४ च्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये देण्याचे तत्त्व मान्य केलेच आहे. तेच माप येथे लावण्यास वेगळा पैसा शोधण्याची तजवीज करावी लागली तरी ती फार मोठी नसेल.

गोपनीयतेची हरकत निघेल, हे मी गृहीत धरतो. ज्या नस्ती न्यायप्रविष्ट आहेत किंवा ज्यांत व्यापारी गुपिते आहेत त्या खुशाल बाजूला ठेवाव्यात आणि विद्यार्थ्याकडून लेखी हमी घ्यावी. परंतु माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील चौथ्या कलमान्वये जे आपण आपणहून प्रसिद्ध करावयाचे आहे, ते विद्यार्थ्याला दाखविण्यास कोणती हरकत? आणि महाविद्यालयांचीही, माझ्या बिरादरीचीही, झडती व्हावी: जो विद्यार्थी केवळ श्रेयांकांसाठी येईल त्याला पहिल्या पंधरवड्यातच परत पाठविण्याचा अधिकार आपल्या प्रादेशिक अधिकाऱ्यांकडे असावा.

१९७० साली स्थापन झालेल्या आपल्या मंडळाने एकाच प्रादेशिक कार्यालयात, येत्या शैक्षणिक वर्षापासून, मोजक्या विद्यार्थ्यांनिशी हा प्रयोग करावा. त्यांचे अहवाल, मंडळाला न पटणारी अनुमाने वगळल्याविना, मंडळाच्या अभिप्रायासह प्रसिद्ध करावेत. आणि हे शक्य नसल्यास नकार कारणांसह सर्व विद्यापीठांच्या कुलसचिवांना लेखी कळवावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक