शाळा पाहण्याचा कार्यक्रम

मुलगी पाहायला जाताना मंडळी काय काय पाहतात, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. रंग पाहतात, उंची पाहतात, पोह्यांत मीठ बेताचे आहे की नाही ते पाहतात. आणि जिच्याबरोबर उभा जन्म काढायचा तिचा स्वभाव लग्नानंतर कळतो. शाळा पाहण्याची आपली रीतही हुबेहूब अशीच आहे. इमारत पाहतात, गणवेशाला टाय आहे का ते पाहतात, बस दारापर्यंत येते का याची चौकशी करतात. वर्गात काय चालते, हे मूल चौथीत गेल्यावर कळते. आणि शाळा महापालिकेची असेल, तर हा कार्यक्रमसुद्धा होत नाही. ते स्थळ पत्रिका न पाहताच परत जाते.

पुण्यात आमच्या वसाहतीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर महापालिकेची एक प्राथमिक शाळा आहे. ती कशी आहे, असे मी मध्यंतरी शेजारच्या दहा जणांना विचारले. नऊ जणांकडे मत तयार होते. आणि हे नऊही जण त्या शाळेत गेले होते ते मतदानाच्या दिवशी, बोटाला शाई लावून घेण्यापुरते. दहाव्या गृहस्थांनी "अजून चालू आहे का ती?" असा उलट प्रश्न केला.

हा उद्योग मी हौसेने केला नाही. माझी भाची याच भागात राहते आणि तिची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. नवराबायको दोघेही नोकरी करतात, घराचा हप्ता चालू आहे, आणि ज्या खासगी शाळांची नावे कानांवर येतात त्यांची फी ऐकून दोघांची झोप उडाली आहे. भाची म्हणाली, "मामा, फी आम्ही भरू रे कशीही. पण ही शाळा वाईट आहे म्हणून भरायची, की ती वाईट आहे असं सगळे म्हणतात म्हणून भरायची? तू कॉलेजात शिकवतोस, तूच सांग."

कॉलेजात शिकवणाऱ्याला प्राथमिक शाळेतले कळते, हा समज मोठा गोड आहे. पण एका अर्थाने तो खराही आहे. प्राथमिक शाळेने जे केले किंवा करायचे सोडले, ते मला दहाबारा वर्षांनी प्रथम वर्षाच्या वर्गात भेटते. समोर एक अनोळखी परिच्छेद ठेवला की कोण वाचतो आहे आणि कोण ओळींवरून नुसते डोळे फिरवतो आहे, हे दोन मिनिटांत दिसते. जो नुसते डोळे फिरवतो, त्याचे नुकसान माझ्या वर्गात झालेले नसते. ते तिसरीत झालेले असते, आणि तिथे ते कोणाला दिसले नव्हते.

शाळा ओळखायची कशी, याचे आपल्याकडचे पहिले उत्तर म्हणजे निकाल. शिष्यवृत्ती परीक्षेत इतकी मुले आली, असा फलक फाटकाला लागला की शाळा उत्तम ठरते. पण आत कोण आले, यावर बाहेर काय पडले हे पुष्कळसे ठरलेले असते. ज्या घरी रात्री आई पाढे म्हणून घेते, गरज पडली तर शिकवणी लावते, त्या घरचे मूल कोणत्याही शाळेची शोभा वाढवते.

यातले शाळेचे किती आणि घराचे किती, हे वेगळे काढणे अवघड. पण आंध्र प्रदेशात ते एकदा काढून पाहिले गेले. 2008 साली तिथे खेड्यापाड्यांतल्या मुलांमधून सोडत काढून काहींची खासगी शाळेची फी भरण्यात आली. सोडत असल्यामुळे जागरूक आईबापांची मुले एकीकडे आणि उरलेली दुसरीकडे, असा भेद राहिला नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या दोन विषयांत सोडतीत नंबर लागलेली मुले आणि न लागलेली मुले सारखीच निघाली. हिंदीत खासगीतली पुढे होती, कारण तिथे हिंदीला तास होते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की खासगी शाळांनी हे सारे सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात केले होते. तेव्हा फार मिरवावे असे कोणाच्याच पदरात काही पडले नाही.

दुसरे उत्तर तपासणीचे. मॅथ्यू अर्नोल्डला आपण कवी आणि टीकाकार म्हणून ओळखतो. पोटापाण्यासाठी तो पस्तीस वर्षे शाळा-तपासनीस होता. इंग्लंडात 1862 च्या नियमावलीने शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेवर ठरू लागले. परिणाम व्हायचा तोच झाला. साहेब ज्या पुस्तकातून विचारणार, ते पुस्तकच मुले पाठ करू लागली. अर्नोल्ड या पद्धतीविरुद्ध लिहीत राहिला, आणि शतक संपण्याआधी ती मोडीत निघाली. आपल्याला यात नवे काहीच नाही. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवून निघायची, आणि चुणचुणीत मुलगा त्या दिवसापुरता पहिल्या रांगेत यायचा, हे आपल्या वाडवडलांनी पाहिलेले आहे.

म्हणूनच 'असर' नावाच्या पाहणीची एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. 'प्रथम' या संस्थेने 2005 साली सुरू केलेली ही पाहणी शाळेत होत नाही, मुलांच्या घरी होते. अंगणात बसवून मुलाला दुसरीच्या पातळीचा छोटासा मजकूर वाचायला देतात, एवढेच. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांना तो वाचता आला. खासगी शाळांतली मुले या यादीत पुढे असतात, पण त्यांतल्याही निदान तिसऱ्या हिश्श्याची गाडी तिथेच अडते. टाय लावून अडते, एवढेच.

याच पुण्यात 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे होत, आणि त्या पाहायला गर्दी लोटे. काही लोक कौतुकाने येत, काही खोट काढायला येत असतील, पण येत. आज आपण खोट काढायलाही जात नाही.

तेव्हा भाचीला म्हटले, चल, आपण जाऊन येऊ. पंधरा ऑगस्टला नको, स्नेहसंमेलनालाही नको. एक साधासुधा मंगळवार गाठू. जाताना मी पिशवीत 'किशोर'चा एक जुना अंक टाकला. बालभारतीचे हे मासिक 1971 पासून निघते आणि मुलांना अनोळखी मजकूर वाचायला देण्यासाठी त्याच्यासारखे स्वस्त साधन नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी प्रथम आमच्याकडे संशयाने पाहिले. बरे कपडे घातलेली माणसे महापालिकेच्या शाळेत आली, म्हणजे एकतर तक्रार असणार किंवा निवडणूक. मुलीसाठी शाळा पाहायची आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुन्हा एकदा पाहिले, आणि मग स्वतः तिसरीच्या वर्गापर्यंत आल्या.

तिसरीत अठ्ठावीस मुले होती. पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. तेवढे तिथे जमले होते. कोणाचा बाप रखवालदार, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी, आणि बरीच मुले बांधकामावरच्या मजुरांची. बाईंनी फळ्यावर 'कांदा' लिहिले होते. त्याखाली उत्तर प्रदेशातून आलेल्या एका मुलीचा 'प्याज', आणि त्याखाली कलबुर्गीकडच्या एका मुलाने दिलेला 'उळ्ळागड्डी'. या शेवटच्या शब्दावर बाई सगळ्या वर्गाला जोडाक्षरे शिकवत होत्या. ळ ला ळ जोडला, ड ला ड जोडला, आणि मुले तो शब्द खळखळून हसत वाचत होती. तो मुलगा असा बसला होता, की जणू शब्द त्याच्या मालकीचा आहे. मी वीस वर्षे भाषा शिकवतो आहे. जोडाक्षराचा इतका चांगला तास मी पाहिलेला नाही.

मी 'किशोर' काढला आणि बाईंना विनंती केली, की शेवटच्या रांगेतले कोणतेही मूल द्या. बाईंनी जराही न अडखळता एका मुलाला नावाने हाक मारली. त्याने बोट ठेवून, थांबत थांबत अर्धे पान वाचले. दोनदा अडला. बाई मधे बोलल्या नाहीत, वाट पाहिली. गोष्टीत काय झाले म्हणून विचारले, तर त्याने आपल्या मराठीत नीट सांगितले, आणि मग मलाच विचारले, "तुम्ही साहेब हाय का?" परक्या माणसाला प्रश्न विचारायची भीती या वर्गात नव्हती. वह्या चाळल्या, लाल शाई रोजची होती, तपासणीच्या आदल्या दिवशीची नव्हती. हजेरीपटावर एक मुलगी तीन दिवस गैरहजर होती. बाई म्हणाल्या, "जाऊन आले मी. आईची साइट बदललीय. नव्या जागेजवळची शाळा शोधून देतेय."

इथेच थांबलो असतो, तर हा लेख फार गोड झाला असता. पण आम्ही पाचवीतही गेलो. तिथले गुरुजी मतदारयादीच्या कामावर होते. जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणूक या कामांना शिक्षकांना जुंपण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे. दोन वर्ग एकत्र बसवले होते आणि मुले एकच धडा वहीत उतरवत होती. एका मुलीच्या वहीत तो तिसऱ्यांदा उतरलेला होता. तिला 'किशोर' दिला, तर पहिल्या ओळीनंतर तिने अंक हळूच मिटून परत केला. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली गुरुजींकडे. काचेतून आतली पुस्तके नवी कोरी दिसत होती. शाळेच्या ग्रंथालयात कोऱ्या पुस्तकांसारखी वाईट खूण नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी होते. आतून कडी नव्हती.

मग ही शाळा चांगली की वाईट? एका छपराखाली दोन शाळा होत्या, हेच खरे उत्तर. पालक शाळा निवडतात, पण मुलाच्या वाट्याला वर्ग येतो. म्हणून विचारायचे ते हे, की पहिलीला कोण शिकवते, शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का, आणि गुरुजी कामावर गेले की त्यांच्या मुलांचे काय होते. हे प्रश्न महापालिकेच्या शाळेत विचारता येतात, तसेच लाखांची फी घेणाऱ्या शाळेतही विचारता यायला हवेत. भाचीने त्याप्रमाणे दोन खासगी शाळा पाहिल्या. एकीने वर्ग दाखवला. तिसरीतले शेवटच्या बाकावरचे मूल तिथेही अडखळतच वाचत होते, आणि त्याच्या बाईंना त्याचे नाव पटकन आठवले नाही. दुसरीने वर्गात जाऊ दिले नाही. गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक दिले.

त्या कडीविषयी भाचीने मुख्याध्यापिकाबाईंना विचारले होते. "मागणी वर पाठवलीय," त्या म्हणाल्या. किती दिवस झाले, तर दीड वर्ष. खासगी शाळेत अशी कडी दोन दिवस तुटलेली राहणार नाही, कारण संध्याकाळपर्यंत चाळीस आयांचे फोन येतील. इथल्या आया सकाळी सातला कामावर जातात. तक्रार करायला यायचे, तर अर्धा रोज बुडतो. आणि बुडवून आल्या, तरी वरचा साहेब त्यांच्यासाठी खुर्चीवरून हलत नाही. 2010 साली अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने अशा शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात असेही म्हटले आहे. कागदावर सत्ता त्यांचीच आहे. पण आमच्यासारखे पालक या शाळांतून उठून गेले तेव्हा नुसती मुले घेऊन गेले नाहीत. तक्रार करायची सवड आणि ऐकला जाणारा आवाजही बरोबर घेऊन गेले. नंतर पट घसरला, आणि आता पटाकडे बोट दाखवून आम्हीच म्हणतो, की बघा, तिथे कोणी जात नाही.

कोणी आपले मूल समाजसेवेसाठी शाळेत घालत नाही, घालूही नये. भाचीचा निर्णय अजून झालेला नाही. पहिलीच्या बाई या वर्षी बदलून जाणार का, याची ती खात्री करून घेते आहे. आणि कडीसाठी तिने पालिकेत अर्ज दिला आहे, मुलगी तिथे जावो अथवा न जावो.

दिवाळीची सुटी संपली की दुसरे सत्र सुरू होते. स्वागताची तोरणे उतरलेली असतात, स्नेहसंमेलनाला अवकाश असतो. शाळा जशी असते तशी दिसते. येत्या जूनचा विचार ज्यांच्या घरात चालू असेल, त्यांनी एखादा मंगळवार काढावा, पिशवीत मुलांच्या मासिकाचा जुना अंक टाकावा, आणि घराजवळची प्रत्येक शाळा पाहून यावे. पहिल्या रांगेतले मूल सगळीकडेच वाचते. शेवटच्या रांगेतल्या मुलाला वाचायला सांगा. ते वाचत असेल, तर त्या वर्गात आपले मूल कोणत्याही रांगेत बसवायला हरकत नाही.