ज्ञानपरंपरेला कुंपण नको

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आल्यापासून भारतीय ज्ञानपरंपरेला अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातही स्थान मिळू लागले आहे, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु या परंपरेत कोणाकोणाला जागा आहे, हे विचारणे आता आवश्यक झाले आहे. सोलापूरहून तासाभराच्या वाटेवर, नळदुर्गास बोरी नदीवरील बंधारा उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास, या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात वरून सांडवा कोसळत असताही तो कोरडा राहतो. विजापूरचा गोलघुमट परस्परांना छेदणाऱ्या कमानींवर तोललेला आहे. भारतीय अंकपद्धती नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मीने अरबीत विशद केली, तेथून ती युरोपात पोहोचली. हे सारे वगळून सांगितलेली परंपरा अपुरी नव्हे काय?

मात्र धर्मग्रंथाची साक्ष काढून विज्ञानाचे सिद्धान्त ठरविणे, मग तो ग्रंथ कोणत्याही धर्माचा असो, आम्हांस मान्य नाही. वर्गात प्रयोग आणि गणित यांचाच शब्द अखेरचा असला पाहिजे. येथील विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांस आमची एवढीच विनंती आहे, की विद्यार्थ्यांना एकदा मोजपट्टी देऊन नळदुर्गास न्यावे आणि तो बंधारा आजवर कसा टिकला, याचे गणित त्यांच्याकडूनच मांडवून घ्यावे.