जुळवून घेणारा मासा

अंदमानच्या स्वराज द्वीपाजवळ आम्ही बापलेक पाण्यात डोकं घालून तरंगत होतो. लेकीने माझा हात ओढला आणि खाली बोट दाखवलं. समुद्रपुष्पाच्या हलत्या शुंडकांमध्ये नारिंगी अंगाचा, तीन पांढऱ्या पट्ट्यांचा मासा होता. वर येताच ती ओरडली, "अब्बा, निमो!"

२००३च्या सिनेमामुळे क्लाऊनफिशला जगभर हेच नाव पडलं. आम्ही पंधरा मिनिटं बघत राहिलो. मासा चार बोटं बाहेर यायचा आणि परत घरात शिरायचा. समुद्रपुष्पाचा डंख इतर माशांना मारतो. याच्या अंगावरचा चिकट थर त्याला वाचवतो. बदल्यात तो घराची राखण करतो आणि त्याच्या विष्ठेतून समुद्रपुष्पाला खतपाणी मिळतं. घरात सगळ्यात मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, मग रांगेत धाकटे. मादी मेली की नरच मादी होतो. म्हणजे खऱ्या समुद्रात निमोचा बाप त्याची आई झाला असता! हे ऐकून लेक हसत सुटली.

पण हे घर उष्णतेपुढे टिकत नाही. पाणी तापलं की प्रवाळांसारखंच समुद्रपुष्पही आपल्यातलं शैवाल गमावून पांढरं पडतं. मासा मात्र तिथेच राहतो, कारण बाहेर त्याला कोणीही गिळेल. २०१६च्या उष्णतेनंतर फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटाजवळ, पांढऱ्या पडलेल्या समुद्रपुष्पांमधल्या अशा माशांचं प्रजनन ७३ टक्क्यांनी घटलं. २०२३मध्ये पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात संशोधकांनी १३४ क्लाऊनफिश महिनोन् महिने मोजले. पाणी तापलं तेव्हा त्यातले बहुतेक लांबीने चक्क आखूड झाले, आणि आखूड झालेल्यांची जगण्याची शक्यता वाढली.

ही बातमी कौतुकाने फिरली. काय ही जिद्द, म्हणे! मला ते कौतुक खटकलं, कारण ते ओळखीचं वाटलं. घरात नव्या सुनेला, चाळीत भाडेकरूला, कामावर रोजंदारीच्या माणसाला आपण हेच सांगतो: जुळवून घे. त्याने घेतलं की त्याच्या सोशिकपणाचे गोडवे गातो. ताप कोणी दिला, हे विचारायचं राहूनच जातं. सोसणाऱ्याची स्तुती केली की सोसायला लावणारा आपोआप सुटतो.

या बाबतीत सुटणाऱ्यांत मीही आहे. अंदमानला मी विमानाने गेलो. समुद्र बघून आल्यावर खोलीतला एसी अठरावर लावून झोपलो. बोटाएवढा मासा आणखी किती आखूड होणार? त्याच्या अंगाला मर्यादा आहे. आखडते घेण्यासारखं बरंच काही आपल्याकडे आहे. निदान त्याचं कौतुक करण्याआधी तेवढं तरी कबूल करू या.