मृत्युपत्राचे साक्षीदार

मृत्युपत्र एकदां लिहून, दोन गृहस्थांच्या सह्या घेऊन कपाटांत ठेवलें, किंवा फार तर रजिस्टर करून आणलें, कीं आपल्या मागें तंटा उरला नाहीं, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनहि आढळते. न्यायालयाच्या दृष्टीनें मात्र कपाटांतून निघालेला कागद हा तोंवर केवळ कागदच असतो. तो अमक्याचें मृत्युपत्र आहे, हें पुराव्यानें शाबीत करावें लागतें. आणि ज्या एकट्याची साक्ष येथें सर्वांत मोलाची, तो तें करणारा मनुष्य तर इहलोकीं नसतो. या एका अडचणीभोंवतीं आपल्या पुराव्याच्या कायद्याचा हा सारा भाग रचला गेला आहे.

सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेला १८७२ चा पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यामुळें वकिलांना जुने आंकडे विसरावे लागत आहेत एवढें खरें. ६८ वें कलम आतां ६७ वें झालें आहे. परंतु आमच्या विषयापुरता मजकूर बहुतेक तोच राहिला असल्यामुळें त्यावरील जुने निवाडे आजहि वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं.

मृत्युपत्र कसें करावें हें १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाच्या ६३ व्या कलमांत सांगितलें आहे. करणाऱ्यानें आपली सही किंवा निशाणी करावी. निदान दोन साक्षीदारांनीं ती करतांना पाहावी, अगर ती आपलीच असल्याचें त्याच्याकडून ऐकावें. आणि त्या प्रत्येकानें त्याच्या समक्ष आपली सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळीं हजर असण्याची जरूर नाहीं. पुढें न्यायालयांतहि दोघांना बोलवावें लागत नाहीं, एक पुरतो. मात्र त्या एकाच्या तोंडून दोघांच्याहि साक्षीची हकीकत आली पाहिजे, आणि पुष्कळ कुटुंबांचें तारूं याच खडकावर फुटतें.

समजा, एका गृहस्थानें आपल्या स्वकष्टार्जित घरांतील दोन खोल्या विधवा बहिणीस लिहून दिल्या. वहिनी गेल्यावर भावाचीं मुलें तिनेंच वाढविलीं, आणि त्याच घरांत ती म्हातारी झाली. मृत्युपत्रावर डॉक्टरांनीं समक्ष सही केली. शेजारचे काका त्या दिवशीं गांवाला गेले होते. म्हणून दुसऱ्या दिवशीं मुलाबरोबर कागद त्यांच्याकडे पाठविला, आणि “काका, येथें फक्त सही करा” या निरोपावर त्यांनीं भिडेखातर ती केली. वीस वर्षांनीं डॉक्टर हयात नाहींत. काका पिंजऱ्यांत उभे राहून शपथेवर सांगतात कीं, आपण सही केली तेव्हां भाऊराव तेथें नव्हते. काकांच्या खरेपणापायींच मृत्युपत्र बुडतें. मग १९५६ च्या हिंदु वारसा अधिनियमाप्रमाणें वांटणी व्हावयाची. त्यांत बहीण दुसऱ्या वर्गांतली वारस, म्हणजे भावाचीं मुलें असतांना तिच्या वांट्याला कांहींच येत नाहीं.

हें उदाहरण आम्हीं रचलें असलें, तरी त्यांतील धोका काल्पनिक नव्हे. २००२ च्या अखेरीस आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाकडून वर गेलेल्या भोईर यांच्या खटल्यांत एका साक्षीदाराची जबानी झाली, पण दुसऱ्यानें साक्ष कशी केली हें त्याला सांगतां आलें नाहीं. आणि तो दुसरा उपलब्ध असूनहि त्याला बोलविलें गेलें नव्हतें. साक्षीदार उलटला किंवा त्याला आठवेना, तर इतर पुरावा चालतो अशी सवलत कायद्यांत आहे. ती येथें लावा, असा आग्रह झाला. सर्वोच्च न्यायालयानें तो मानला नाहीं. हाताशीं असलेला साक्षीदार न बोलवितां त्या सवलतीच्या आडोशाला जातां येणार नाहीं, असें ठरलें. निर्णय कठोर वाटेल. पण आमच्या मतें तो योग्यच आहे.

रजिस्ट्रीनेंहि ही उणीव भरून निघत नाहीं. इतर दस्त रजिस्टर झालेला असेल आणि कोणी तो स्पष्टपणें नाकारला नसेल, तर साक्षीदाराची माफी मिळते. मृत्युपत्राला ती माफी नाहीं. तीस वर्षांच्या जुन्या कागदाला जें अनुकूल अनुमान लाभतें, तेंहि त्याला लाभत नाहीं, हें २००८ आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. दोन्ही साक्षीदार वारले असतील, तर निदान एकाचें आणि मृत्युपत्र करणाऱ्याचें हस्ताक्षर ओळखणारा मनुष्य शोधावा लागतो.

साक्षीदार पक्के निघाले तरी काम नेहमींच संपतें असें नाहीं. १९५८ च्या नोव्हेंबरांत म्हैसूरकडील एका बाईच्या मृत्युपत्राच्या अपिलांत न्या. गजेंद्रगडकर यांनीं जो निवाडा लिहिला, त्यावांचून मृत्युपत्राचा खटला आज क्वचितच चालतो. सही कांपरी, मन दुबळें, वांटणी अस्वाभाविक, किंवा ज्याला मोठा लाभ त्यानेंच लिहिण्यांत पुढाकार घेतलेला, असा संशय आला तर तो फेडण्याचा भार मृत्युपत्र पुढें आणणाऱ्यावर. १९७६ मध्यें न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं हींच सूत्रें क्रमवार मांडलीं, आणि असा वाद दोन पक्षांपुरता न राहतां न्यायालयाच्या विवेकबुद्धीचा प्रश्न होतो, हें स्पष्ट केलें.

राज्यघटनेच्या १४१ व्या कलमान्वयें असा निवाडा देशांतील सर्व न्यायालयांस बंधनकारक असतो. परंतु बांधतें तें त्यांतील तत्त्व. त्यांतील हकीकत नव्हे. तेथें वांटणी विषम होती म्हणून संशय आला, आमच्याकडेहि ती विषम आहे, तेव्हां मृत्युपत्र खोटें, असा हिशेब घरगुती वादांत ऐकूं येतो. तो चुकीचा आहे. वारसांचा नेहमींचा क्रम मोडण्यासाठींच मृत्युपत्र करतात. तेवढ्यावरून संशय घेऊं नये, हें १९९५ सालींच सांगितलें गेलें आहे. धाकट्याला अधिक कां दिलें याचें कारण मृत्युपत्रांतच चार ओळींत लिहिलें, तर न्यायाधीशाला तर्क करीत बसावें लागत नाहीं, आणि मोठ्यालाहि नाहीं.

साक्षीदार निवडतांना आपण वडीलधाऱ्यांचा मान राखतों आणि सत्तरीच्या गृहस्थास सही करावयास सांगतों. मान दुसरीकडे राखावा. साक्षीदार आपल्याहून वयानें लहान, कायम ठिकाणाचे आणि वांटणींत हितसंबंध नसलेले पाहावे. मृत्युपत्र लिहून देणाऱ्या लेखनिकाची शेवटची सही ही साक्षीदाराची सही धरून चालूं नये. साक्ष करण्याच्या हेतूनें सही केलेली असेल तरच ती तशी गणली जाते. आणि दोघांपैकीं एक वारला किंवा परदेशीं जाऊन राहिला असें कळलें, तर मृत्युपत्र करणाऱ्याची प्रकृति ठीक आहे तोंच नव्या दोन साक्षीदारांसमक्ष तें पुन्हां करून घ्यावें.