‘मजकूर समजावून सांगितला’, खाली सही कुणाची?

पाट्यांवर मराठी हवी म्हणून आपण भांडतो. भांडायलाच हवं. पण आईबापाची आयुष्यभराची कमाई ज्या कागदावरून जाते, त्याच्या भाषेबद्दल आपण एवढे गप्प का?

बेळगावात एका विमा आणि गुंतवणूक सल्लागाराच्या ऑफिसात मी कॉलेज सुटल्यावर असिस्टंटचं काम करतो. केवायसीच्या झेरॉक्स, फॉर्म भरणं, सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुली मारणं, हप्त्याची आठवण करून देणारे फोन. बी.ए.च्या पोराला मिळण्यासारखं काम आहे हे, आणि आपल्यातले बरेचजण करतात.

फॉर्म बहुतेक इंग्रजीत. येणारे काका-मावशी येळ्ळूरचे, कडोलीचे, खानापूरकडचे; घर मराठी, शाळा मराठी. साहेब बोलत असतात तेव्हा मान डोलावतात आणि साहेब फोनवर गेले की हळूच मला विचारतात, ‘बाळा, यात लिहिलंय तरी काय?’

विम्याच्या अर्जात शेवटी शेवटी एक रकाना असतो, तो नीट बघा. अर्जदारानं इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत सही केली किंवा अंगठा दिला, तर तिसऱ्या माणसानं लिहून द्यायचं असतं की मजकूर मी यांना यांच्या भाषेत समजावून सांगितला आणि यांना तो समजला. भाषेच्या जागी ‘मराठी’ लिहितात. सही बऱ्याचदा असिस्टंटची. म्हणजे सीमाभागात कागदोपत्री मराठी आहेच की! फक्त ती कुणी बोललेली नसते.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बीपी-शुगरच्या प्रश्नापुढं कुणीतरी घाईत ‘नो’ लिहितं. उद्या क्लेम आला की कंपनी म्हणते, आजार लपवला, आणि पुरावा म्हणून हेच पान पुढं करते. हप्ता किती वर्षं भरायचा, मध्येच थांबला तर हातात काय येणार, ही एफडी नाही, एवढं तरी मराठीत सांगितल्याशिवाय मी तिथं सही करत नाही. ‘वेळ जातो’ म्हणून बोलणी खावी लागतात. खातो.

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण घटनेचं कलम 350 शिकतो: केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार करता येते. पण ते सरकारी अधिकाऱ्यांपुरतं. खासगी विमा कंपनीच्या काउंटरवर ते चालत नाही. तिथं उपयोगाचा आहे तो विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा नियम. पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि ग्राहकानं मागितलं तर ते स्थानिक भाषेत. आता बेळगाव-खानापुरातली स्थानिक भाषा कोणती, हे कोण ठरवणार? माझ्या मते आपला पुढचा मुद्दा हाच असायला हवा. यात कन्नडशी भांडण नाही. बैलहोंगलचा कन्नड शेतकरीसुद्धा त्याच इंग्रजी फॉर्मवर सही करतोय.

घरातल्या पॉलिसीची कागदपत्रं हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या मुदतीत वाचून काढा आणि माहितीपत्रक मराठीत मागा. तोंडी नको. अर्ज द्या, तारखेसह पोच घ्या. ‘लोकल लँग्वेज म्हणजे कन्नडच’ असं उत्तर मिळालं, तर तेही लेखी मागा.