उंचीचा डंका

उंच इमारत उभी राहिली की देश पुढे गेला, असे मानणारांचा एक पंथ आहे. तैवानच्या राजधानीत, तैपेई शहरात, २००४ साली या पंथाचा मोठा उत्सव झाला. १०१ मजले, ५०८ मीटर उंची, पायथ्याशी दुकाने, वर कचेऱ्या; जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ‘तैपेई १०१’चा डंका पिटला गेला. पाच वर्षे होतात न होतात तोच, २०१० च्या जानेवारीत, दुबईच्या बुर्ज खलिफाने ते सिंहासन पटकावले. दुसऱ्याने अधिक मजले चढविताच जो गळून पडतो, त्याला का मोठेपणा म्हणावयाचे?

या इमारतीचे खरे मोठेपण मान वर करून दिसावयाचे नाही. त्यासाठी जमिनीत ८० मीटरपर्यंत खोल गेलेले तिचे ३८० खांब ध्यानात घ्यावे लागतील. ९२व्या मजल्यापासून ८७व्यापर्यंत टांगलेला ६६० टनांचा पोलादी गोळा पाहावा लागेल. तैपेई ही वादळांची आणि भूकंपांची भूमी. वाऱ्याने इमारत एका अंगाला झुकू लागली की हा गोळा मागे रेंगाळतो, तिला उलट ओढतो आणि तिचे डोलणे आवरतो. ऑगस्ट २०१५ च्या सौडेलोर वादळात तो सुमारे एक मीटर हलला. इमारत शाबूत राहिली.

कोणी म्हणेल, उंचीचा हव्यास नसता तर हा गोळा तरी कोठून आला असता? कबूल. पण मग मान गोळ्याला द्या. कळसाला का देता?

आणि आणखी एक हिशेब उरतोच. ३१ मार्च २००२ रोजी बांधकाम चालू असताना भूकंप झाला, वरच्या दोन क्रेन खाली कोसळल्या आणि पाच माणसे प्राणास मुकली. दर वर्षअखेर याच इमारतीवरून आतषबाजी होते आणि जग टाळ्या पिटते. उंचीच्या कोष्टकात मात्र त्या पाच जणांसाठी रकाना नाही!

दिवाळीत आकाशकंदील वर चढविण्यापूर्वी घरातील जाणते माणूस दोरी ओढून पाहते. शहाणपण म्हणतात ते हेच. ज्यांना मनोरे हवेत त्यांनी ते खुशाल बांधावेत. मात्र मजले किती, हे सांगण्याआधी पाया किती खोल आणि बांधणाराच्या जिवाची काळजी कोणी वाहिली, हे सांगावे. तेवढे सांगता येत नसेल, तर डंका पिटू नये.